सरकारी नोकर, पण कोणत्या कायद्यापुरता? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

‘मी सरकारी कर्मचारी आहे की नाही?’ असा प्रश्न या वेळी तलाठी, शिक्षक, एसटीचे वाहक, अंगणवाडीताई, कंत्राटी परिचारिका अशा अनेकांनी आपापल्या शब्दांत विचारला आहे. त्यावर आमचा पहिला उलट प्रश्न असतो : कशासाठी विचारताय? नोकरीतून काढण्याविरुद्ध राज्यघटनेचे संरक्षण मिळेल का, लाचेचा खटला चालेल का, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येईल का, पेन्शन मिळेल का, या प्रत्येकासाठी कायद्यात वेगळी व्याख्या आहे. एकच माणूस एका व्याख्येत बसतो आणि दुसरीत बसत नाही. हे ध्यानात न घेतल्यामुळे लोक चुकीच्या दारात उभे राहतात आणि मुदत निघून जाते. म्हणून खालची उत्तरे आपापल्या पदापुरतीच वाचू नका, शेजारच्या पदाचेही वाचा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेकडे ग्रामसेवक आहे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). विभागीय चौकशीनंतर माझी वेतनवाढ रोखली. तहसील कार्यालयातल्या मित्राला मॅटकडून दिलासा मिळाला, म्हणून मीही तिथेच अर्ज करायचा विचार करतो आहे. – परभणी जिल्हा

तिथे जाऊ नका. तुमचा मित्र आणि तुम्ही एकाच गावात काम करत असाल, पण कायद्याच्या नजरेत तुमचे मालक वेगळे आहेत. महसूल खात्यातला अव्वल कारकून किंवा तलाठी राज्य शासनाच्या सेवेत नागरी पदावर असतो. त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू होतात आणि त्याच्या सेवेचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे मॅटपुढे चालतो. तुम्ही मात्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ खालच्या जिल्हा सेवेत आहात. तुम्हाला १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम आणि १९६७ चे वर्तणूक नियम लागतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या शिक्षेच्या आदेशावर तुमचे अपील विभागीय आयुक्तांकडे जाते. तिथेही दाद मिळाली नाही, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मॅटला तुमचा अर्ज ऐकण्याचा अधिकारच नाही. तिथे अर्ज दाखल झाला तरी तो केव्हातरी परत येईल आणि मधल्या काळाचा खुलासा तुम्हालाच करावा लागेल.

जिल्हा परिषदेच्या इमारतीत बसणारे सगळेच जिल्हा सेवेतले नसतात, हेही लक्षात असू द्या. गटविकास अधिकारी, उपमुख्य कार्यकारी अधिकारी हे राज्य सेवेतले अधिकारी तिथे नेमलेले असतात. त्यांचा वाद मॅटपुढे चालतो. कार्यालय एक असले तरी सेवा दोन आहेत. आपली सेवा कोणती हे ओळखायला इमारतीची पाटी उपयोगाची नाही. नियुक्ती आदेश कोणी आणि कोणत्या नियमाखाली काढला ते पाहा.

‘नागरी पद’ कशाला म्हणायचे याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली आसामच्या कनकचंद्र दत्त प्रकरणात सांगितली. तिथला मौजेदार शेतसारा वसूल करी आणि त्याला कमिशन मिळे. तो नियमित पगाराच्या आस्थापनेवर नव्हता, तरीही त्याचे पद नागरी पदच ठरले. न्यायालयाने पाहिले ते असे : नेमणूक कोण करतो, निलंबित आणि बडतर्फ कोण करू शकतो, काम कसे करायचे हे कोण ठरवतो आणि मोबदला कोण देतो. यातली एकच खूण निर्णायक नसते, सगळ्या मिळून पाहायच्या असतात. आजही कोणत्याही नव्या पदाबद्दल वाद झाला की वकील हेच चार प्रश्न घेऊन उभे राहतात.

गुजरातेतल्या पंचायत कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली शासकीय कर्मचारी मानले होते, त्याचा दाखला काही वाचक देतात. तो निकाल गुजरातच्या पंचायत कायद्यातल्या तरतुदींवर उभा आहे. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्याला तो आपोआप चिकटवता येत नाही.

प्रश्न : माझी नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने झाली होती. चौकशी उपविभागीय अधिकाऱ्यांनी सुरू केली आणि बडतर्फीचा आदेशही त्यांचाच आहे. हे चालते का? – तलाठी

चौकशी सुरू करणे चालते, बडतर्फी चालत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११(१) प्रमाणे नागरी पदावरच्या माणसाला त्याच्या नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या हाताखालचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही किंवा सेवेतून काढून टाकू शकत नाही. आज त्या पदावर नेमणूक करण्याचे अधिकार उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दिले गेले असले तरी ज्याची प्रत्यक्ष नेमणूक वरच्या अधिकाऱ्याने केली, त्याला काढायला त्याच किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो. म्हणून आपला मूळ नियुक्ती आदेश शोधून ठेवा. तो सापडत नसेल तर सेवापुस्तकाच्या पहिल्या पानांवरच्या नोंदीची साक्षांकित प्रत मागून घ्या. मात्र दोषारोपपत्र देणे, चौकशी अधिकारी नेमणे ही कामे खालच्या सक्षम अधिकाऱ्याने केली म्हणून चौकशी रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वीच स्पष्ट केले आहे.

खंड (२) तुमच्यासाठी तितकाच महत्त्वाचा आहे. आरोप कळवून, बचावाची वाजवी संधी देऊन, चौकशी केल्याशिवाय बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती होत नाही. याला तीन अपवाद आहेत. ज्या वर्तनाबद्दल फौजदारी न्यायालयात दोषसिद्धी झाली त्यावरून शिक्षा द्यायची असेल, चौकशी घेणे वाजवीरीत्या शक्य नाही असे सक्षम अधिकाऱ्याने कारणे लिहून नोंदवले असेल, किंवा राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी न घेणे राज्यपालांना किंवा राष्ट्रपतींना योग्य वाटले असेल, तर चौकशी टळते. दुसऱ्या अपवादाचा वापर होतो तेव्हा कारणे लेखी आहेत का आणि ती प्रकरणाच्या वस्तुस्थितीतून आली आहेत का, हे तपासून घ्या. ‘साक्षीदार घाबरतील’ एवढे एकच वाक्य, त्यामागे एकही घटना नाही, अशा आदेशाला आव्हान देण्यात अर्थ असतो.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपूर्वी प्रस्तावित शिक्षेवर दुसऱ्यांदा म्हणणे मांडायची संधी असे. ती आता नाही. मात्र चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल कर्मचाऱ्याला देऊन त्यावर त्याचे म्हणणे घ्यावेच लागते, हे १९९३ च्या घटनापीठाच्या निकालाने पक्के झाले आहे. अहवाल आदेशासोबतच हातात पडला असेल, तर अपिलात हा मुद्दा सर्वांत वर लिहा. त्या अहवालाला उत्तर देता न आल्यामुळे नेमके काय म्हणायचे राहून गेले, तेही लिहा. नुसता ‘प्रत मिळाली नाही’ एवढाच मुद्दा अपुरा पडतो, कारण प्रत न मिळाल्याने खरोखर नुकसान झाले का हे न्यायालय पाहते.

प्रश्न : अनुदानित खासगी शाळेतल्या लिपिकाला लाच घेताना पकडले. संस्था म्हणते, आमचे कर्मचारी सरकारी नाहीत, त्यामुळे लाचेविरुद्धचा कायदा लागत नाही. एसटीतल्या काहींनाही असेच वाटते. – एक मुख्याध्यापक आणि एक वाहक

दोघांचाही समज चुकीचा आहे. ‘शासकीय कर्मचारी’ आणि ‘लोकसेवक’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा खूप रुंद आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम २ मध्ये लोकसेवकांची लांबलचक यादी आहे. स्थानिक प्राधिकरणाचे, महामंडळाचे, सरकारी कंपनीचे कर्मचारी तिच्यात आहेत, न्यायाधीश आहेत, विद्यापीठाचे कुलगुरू आणि परीक्षक आहेत. आणि शासनाकडून कोणत्याही प्रकारे आर्थिक साहाय्य घेतलेल्या शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक संस्थेचे पदाधिकारी व कर्मचारीही आहेत. म्हणजे अनुदानित शाळेचा लिपिकच काय, संस्थेचा सचिवसुद्धा या यादीत येतो. एसटी महामंडळ मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० खाली उभे आहे. त्या कायद्याच्या कलम ४३ नेही महामंडळाच्या अधिकाऱ्यांना व नोकरांना लोकसेवक मानले आहे.

पण याच लिपिकाला उद्या नोकरीतून काढले, तर अनुच्छेद ३११ त्याच्या मदतीला येत नाही. त्याच्यासाठी खासगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि १९८१ ची नियमावली आहे. दाद मागायची ती शाळा न्यायाधिकरणाकडे, कलम ९ खाली, ३० दिवसांत. एसटीच्या वाहकाचे वाद कामगार कायद्यांच्या चौकटीत चालतात. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायद्याने स्थापलेल्या महामंडळाच्या सेवा विनियमांना कायद्याचे बळ असते, ते डावलून काढलेला कर्मचारी कामावर परत येण्याची मागणी करू शकतो. तरीही महामंडळाची नोकरी ही राज्याखालचे नागरी पद होत नाही.

व्याख्या बदलली की उत्तर कसे बदलते, याचे सगळ्यांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. बॅ. अ. र. अंतुले यांच्याविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितले, की आमदार हा भारतीय दंड संहितेच्या कलम २१ च्या अर्थाने लोकसेवक नाही. पुढे १९८८ चा कायदा आला. त्यात ‘ज्या पदामुळे सार्वजनिक कर्तव्य बजावावे लागते असे पद धारण करणारा’ ही ओळ आली आणि १९९८ च्या निकालात खासदार व आमदार या कायद्यापुरते लोकसेवक ठरले. मंत्री मात्र १९७९ पासूनच लोकसेवक मानले गेले आहेत. भारतीय न्याय संहितेत आता ही व्याख्या कलम २(२८) मध्ये आहे.

खटल्याच्या मंजुरीबाबतही असाच घोळ होतो, म्हणून इथे थोडे थांबतो. १९८८ च्या कायद्याच्या कलम १९ ची मंजुरी प्रत्येक लोकसेवकाच्या बाबतीत लागते. ती त्याला पदावरून काढण्यास सक्षम असलेला अधिकारी देतो आणि त्यासाठी तीन महिने, कायदेशीर सल्ल्याची गरज असल्यास आणखी एक महिना, अशी मुदत आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १९७, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८, हे संरक्षण सगळ्यांना नाही. ज्याला शासनाकडून किंवा शासनाच्या मंजुरीनेच पदावरून काढता येते, त्याच्यासाठीच ते आहे. ज्या तलाठ्याला किंवा लिपिकाला जिल्हा पातळीवरचा अधिकारी काढू शकतो, तो ‘माझ्यावर खटला भरायला शासनाची परवानगी हवी’ असे या कलमाखाली म्हणू शकत नाही. कलम २१८ खालच्या मंजुरीसाठी आता १२० दिवसांची मर्यादा आहे. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी दिल्याचे मानले जाते.

प्रश्न : निलंबित होऊन पाच महिने झाले. दोषारोपपत्र नाही, निर्वाह भत्ता दोनच महिने मिळाला. मी अजून सरकारी नोकरीत आहे की नाही? – कनिष्ठ लिपिक, राज्य शासन

आहात. निलंबन ही शिक्षा नव्हे. नोकरीचे नाते तसेच राहते, काम करण्यापुरते ते थांबवलेले असते. म्हणूनच वर्तणूक नियम तुम्हाला लागू राहतात, परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही आणि दुसरी नोकरी किंवा धंदा करता येत नाही.

निर्वाह भत्त्याचा हिशेब असा. महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम, १९८१ च्या नियम ६८ प्रमाणे पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेवर जेवढे रजा वेतन मिळाले असते तेवढी रक्कम आणि तिच्यावर देय महागाई भत्ता मिळतो. मूळ वेतन ४०,००० असेल तर २०,००० आणि २०,००० वरचा महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर आढावा घ्यायचा असतो. विलंब तुमच्यामुळे झालेला नसेल तर ही रक्कम तिच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढवता येते, म्हणजे २०,००० ची ३०,००० होऊ शकते. विलंब तुमच्यामुळे असेल तर तितकीच कमीही होऊ शकते. ही वाढ आपोआप होत नाही, आदेश लागतो. चौथा महिना लागताच लेखी अर्ज करा आणि तारखेसह पोच घ्या.

भत्ता अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ‘मी अन्यत्र कोणतीही नोकरी, व्यवसाय करीत नाही’ हे प्रमाणपत्र दर महिन्याला दिलेले नसते. ते दिलेले असूनही भत्ता अडवला असेल, तर त्यामुळे बचावासाठी हजर राहता आले नाही या मुद्द्यावर पुढची चौकशीच अडचणीत येऊ शकते. असे निकाल आहेत, म्हणून प्रमाणपत्रांच्या पोचा जपून ठेवा.

आता मुदत. अजयकुमार चौधरी प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन त्यापुढे चालू ठेवू नये आणि बजावले असेल तर निलंबन वाढवण्याची कारणे देणारा आदेश काढावा. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०१९ मध्ये त्यानुसार शासन निर्णय काढला. तुमच्या बाबतीत पाच महिने उलटले आहेत. शासन निर्णयाची प्रत जोडून निलंबन संपवण्याची मागणी सक्षम प्राधिकाऱ्याकडे करा. उत्तर आले नाही तर मॅटकडे जा. पण मधल्या काळात आपणहून कामावर रुजू व्हायला जाऊ नका. निलंबन आदेशाने लागते आणि आदेशानेच संपते.

पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त काळ राहिलेला कर्मचारी अटकेच्या दिवसापासून निलंबित मानला जातो. अटक झाल्याचे कार्यालयाला न कळवणे हा वेगळा गैरवर्तनाचा आरोप होऊ शकतो, म्हणून घरच्यांनी तरी ते ताबडतोब लेखी कळवावे.

प्रश्न : सार्वजनिक आरोग्याच्या एका अभियानात अकरा महिन्यांच्या करारावर सात वर्षे परिचारिका आहे. दर करारानंतर एक दिवसाचा खंड देतात. मी कायम होईन का? – बीड जिल्हा

खरे ते सांगतो, कारण या प्रश्नावर खोटी आशा दाखवून वर्गणी गोळा करणारे खूप आहेत. केवळ वर्षे मोजून हक्क मिळत नाही. उमादेवी प्रकरणात (१० एप्रिल २००६) पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवले, की सार्वजनिक नोकरी ही जाहिरात, खुली स्पर्धा आणि मंजूर पद या मार्गानेच द्यायची. मागच्या दाराने आलेल्याला न्यायालय कायम करणार नाही. मंजूर आणि रिक्त पदावर, पात्रता असताना, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षे काम केलेल्यांसाठी एकदाच करायची नियमितीकरणाची सवलत त्या निकालात होती.

गेल्या काही वर्षांत मात्र सर्वोच्च न्यायालयाने उमादेवीच्या निकालाची ढाल करून कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवण्यावर कडक टीका केली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगाकडच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात न्यायालयाने काम कायम स्वरूपाचे आहे का, ते अखंड चालले का, नेमणूक बेकायदा होती की फक्त अनियमित, हे पाहिले आणि कामगारांच्या बाजूने निकाल दिला. बेकायदा आणि अनियमित यांतला फरक समजून घ्या. पात्रता नाही किंवा पदच नाही, तर नेमणूक बेकायदा. पात्रता आहे, पद आहे, पण ठरलेल्या कार्यपद्धतीत उणीव राहिली, तर ती अनियमित.

म्हणून आजपासून कागद जमवा. पहिली जाहिरात, मुलाखतीचे पत्र, गुणवत्ता यादी, प्रत्येक करार, हजेरीपट, ड्युटी चार्ट आणि तुमच्या रुग्णालयात त्या संवर्गाची मंजूर व रिक्त पदे किती आहेत हे दाखवणारे माहिती अधिकारातले उत्तर. एक दिवसाच्या खंडाच्या दिवशी प्रत्यक्ष ड्युटी केली असेल तर त्या दिवसाची रुग्ण नोंदवही सोन्यासारखी आहे. तुमच्या करारावर कोणाची सही आहे तेही पाहा. जिल्हा आरोग्य सोसायटीची सही असेल तर राज्य शासन ‘आम्ही मालकच नाही’ असे म्हणेल. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची असेल तर तुमची वाट आणखी अवघड आहे, आधी तो करार फक्त दिखाव्याचा आहे हे सिद्ध करावे लागते.

कायम होण्याचा प्रश्न लोंबकळत असला तरी पगाराचा प्रश्न वेगळा लढता येतो. तेच काम, तीच जबाबदारी, तर तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही त्या पदाच्या वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या प्रकरणात म्हटले आहे. दोन्ही मागण्या एकाच याचिकेत वेगवेगळ्या मांडा.

प्रश्न : अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील, दोघांनाही मानधनच मिळते. मग कायद्याने दोघे सारखेच का नाहीत? – अंगणवाडी सेविका

कारण मानधन हा शब्द काही ठरवत नाही. पोलीस पाटलाचे पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ ने निर्माण केले आहे. नेमणूक, निलंबन, काढणे हे त्या कायद्यात आहे आणि त्याच्या नेमणुकीचे वाद मॅट ऐकते. अंगणवाडी सेविकेचे पद एका योजनेखालचे आहे. २००६ साली कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते नागरी पद नाही असे ठरवले. पण २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका व मदतनिसांना उपदान प्रदान अधिनियम, १९७२ खाली ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क मान्य केला. सेविकाताईंचे काम पूर्ण वेळेचे आहे हे न्यायालयाने तिथे स्पष्ट पाहिले, आणि आमच्या मते कायद्याने आज ना उद्या पदाचा दर्जाही त्याच डोळ्यांनी पाहायला हवा. आज तरी मॅटचा मार्ग तुमच्यासाठी नाही. ग्रॅच्युइटीचा आहे, तो धरा.

प्रश्न : नोकरीला लागलो तेव्हाचे नियम नंतर शासन बदलू शकते का? हा करारभंग नाही का? – कृषी विभाग कर्मचारी

नाही. रोशनलाल टंडन प्रकरणात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले वाक्य या सगळ्या विषयाचा कणा आहे : सरकारी नोकरीची सुरुवात कराराने होते, पण नेमणूक झाल्यावर माणसाला एक दर्जा मिळतो आणि त्याचे हक्क व बंधने दोघांच्या संमतीने नव्हे, तर कायद्याने व नियमांनी ठरतात. अनुच्छेद ३०९ खाली शासन हे नियम एकतर्फी बदलू शकते. तुमची सही लागत नाही.

मर्यादा आहेत. बदल नियमानेच व्हायला हवा. नियमात जे आहे ते परिपत्रकाने कापता येत नाही, परिपत्रक फक्त रिकाम्या जागा भरू शकते. आणि जे तुमच्या पदरात पडून गेले आहे ते मागच्या तारखेने काढून घेता येत नाही. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन मागील तारखेने कमी करणारी दुरुस्ती १९९७ च्या घटनापीठाने रद्द केली ती याच कारणाने. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, हे तर १९७१ पासून ठरलेले आहे.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागली. ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेच्या आधीची होती पण रुजू नंतर झाले, त्यांना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. अशांनी जाहिरातीचा मूळ कागद जपावा. तारखेचा वाद तिथेच सुटतो.

प्रश्न : दहा महिन्यांत बदली, तीही ऑगस्टमध्ये. आव्हान देता येईल? – गट क, राज्य शासन

२००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे आहे आणि बदल्या एरवी एप्रिल-मेमध्ये होतात. मुदतीपूर्वी बदली करायला विशेष कारणे लेखी हवीत आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची आधी घेतलेली मान्यता हवी. माहिती अधिकारात बदलीच्या नस्तीवरील टिप्पणी मागा. तिथे ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच लिहिलेले असेल तर आव्हानाला बळ येते. रुजू होण्याआधी जा, नंतर अंतरिम स्थगितीचा उपयोग उरत नाही. पोलिसांच्या बदल्यांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात वेगळ्या तरतुदी आहेत.

प्रश्न : निवड यादीत नाव आहे, वर्ष झाले, नेमणूक नाही. – स्पर्धा परीक्षार्थी

यादीत नाव आले म्हणजे पदावर हक्क आला असे होत नाही, हे १९९१ च्या घटनापीठाने सांगितले आहे. पण जागा रिकाम्या ठेवण्याचा निर्णय मनमानी असू नये, असेही त्याच निकालात आहे. तुमच्यापेक्षा खालच्या क्रमांकाला नेमणूक मिळाली का, हे आधी पाहा.

प्रश्न : पदोन्नती डावलल्याबद्दल अडीच वर्षांत चार निवेदने दिली. एकालाही उत्तर नाही. आता मॅटमध्ये जावे का? – सहायक अभियंता

उशीर झाला आहे आणि तो निवेदनांमुळेच झाला आहे. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० प्रमाणे आधी खात्यातला मार्ग संपवायचा. नियमांत सांगितलेल्या अपिलाला किंवा अर्जाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर तो संपला असे धरायचे. त्यानंतर कलम २१ प्रमाणे एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. पहिल्या निवेदनापासून सहा महिने अधिक एक वर्ष असे अठरा महिने झाले, तेव्हाच तुमची मुदत संपली. पुढची तीन निवेदने घड्याळ पुन्हा सुरू करत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितले आहे आणि तरीही दर वर्षी अनेक चांगली प्रकरणे यावरच बुडतात, याचे फार वाईट वाटते.

अजून एक वाट आहे. कलम २१(३) खाली विलंब माफीचा अर्ज मूळ अर्जासोबत द्या आणि विलंबाचा खुलासा तारीखवार करा. आजारपण असेल तर प्रमाणपत्र, खात्याने ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे लेखी कळवले असेल तर ते पत्र, ज्येष्ठता यादी उशिरा प्रसिद्ध झाली असेल तर तिची तारीख. ज्या कनिष्ठांना पदोन्नती मिळाली त्यांना प्रतिवादी करायला विसरू नका, नाहीतर त्यांच्या ज्येष्ठतेला धक्का देणारा आदेश मिळत नाही. मॅटचा निकाल विरुद्ध गेला तर १९९७ पासून उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जाता येते, थेट सर्वोच्च न्यायालयात नाही.

प्रश्न : गोवा शासनाच्या सेवेत आहे. गोवा प्रशासकीय लवाद म्हणजे आमचे मॅट समजायचे का? – पेडणे

नाही, नावाच्या साम्याने फसू नका. गोव्यातला लवाद १९६५ च्या वेगळ्या कायद्याने आलेला आहे, १९८५ च्या केंद्रीय कायद्याखालचा नाही. गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या सेवेचे वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील पीठापुढे रिट याचिकेने जातात. शिस्तीच्या बाबतीत तुम्हाला केंद्राचे १९६५ चे नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम लागतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या १९७९ च्या नियमांचे क्रमांक आपल्या अपिलात उतरवू नका. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ४५ दिवस आहे, आणि आदेश कोणत्या दिवशी हातात पडला याची नोंद पाकिटावरच करून ठेवा.